वाचणाऱ्याचे हात कुठे आहेत?

मी शाळेत मराठी शिकवायचे. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली, आणि ती पहिलीत गेली तेव्हा पुन्हा शाळेत रुजू व्हायला मन होईना. पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीत घरून काम करणारे पुष्कळ. लिफ्टमध्ये भेटायचे, खाली अर्धी चड्डी आणि वर इस्त्रीचा शर्ट. पण त्यांच्यात लिहिण्याचं काम करणारं कुणी नव्हतं. लिहून कमावणारी माणसं दिवसभर नेमकं काय करतात, त्यांना काम कोण आणून देतं, आणि आपलं काम बरं झालं की वाईट हे त्यांना कळतं तरी कसं, याचं मला फार कुतूहल होतं. शाळेत निदान मुलांच्या तोंडाकडे बघून कळायचं.

मग सगळे करतात तेच मी केलं. मोबाइलवर शोधत बसले. माहितीचा नुसता ढीग होता. कोर्स होते, व्हिडिओ होते, गिऱ्हाइकाला पाठवायच्या मेलचे तयार नमुने होते. एक बाई कुठल्याशा परदेशी समुद्रकिनाऱ्यावर बसून सांगत होत्या की आधी आपला विषय निवडा. माझा विषय मराठी. पण ती सगळी मंडळी इंग्रजीत लिहिणाऱ्यांशी बोलत होती. मी त्यांचं सगळं ऐकलं, थोडंफार लिहूनही घेतलं, आणि ते चाकणच्या नाहीतर भोसरीच्या कुठल्या दारात नेऊन उभं करायचं ते काही मला कळेना.

त्यातून एक चांगली गोष्ट हाती लागली. मराठीत कामं करणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप. भाषांतरवाले, जाहिरातीचा मजकूर करणारे, लग्नपत्रिकेपासून कंपनीच्या मासिकापर्यंत काहीही लिहून देणारे. तिथले प्रश्न अगदी माझ्या मनातले असायचे. प्रेसमध्ये फाइल पाठवली की जोडाक्षरं का तुटतात. काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाकडून काय काय लिहून घ्यायचं. नमुन्याचं पान फुकट करून द्यावं का. लोक मोकळेपणानं सांगायचे. दोन महिने मी एक अक्षर न लिहिता नुसती वाचत राहिले.

त्या ग्रुपवर एक जण होते, त्यांना सगळे ‘सर’ म्हणायचे. त्यांच्या नावाच्या जागी नुसता एक पूर्णविराम होता आणि फोटोच्या जागी हिरव्या कापडावर ठेवलेला व्हर्निअर कॅलिपर, कारखान्यात माप घ्यायला वापरतात तो. सर उत्तर फारसं द्यायचेच नाहीत. कुणी काही विचारलं की उलट प्रश्न टाकायचे, तोही एका ओळीचा. मराठी मात्र स्वच्छ, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही. मी मनाशी धरून चालले होते की पुण्यातल्या एखाद्या पेठेत राहणारे निवृत्त प्राध्यापक असणार, आणि तो कॅलिपर म्हणजे त्यांचा काहीतरी विनोद असणार.

माझं पहिलं मोठं काम आलं ते भोसरीहून. आमच्या शेजाऱ्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ, मूळचे बीड जिल्ह्यातले, कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. ते पोळीचं मशीन बनवायचे. गोळा ठेवायचा, झाकण खाली घ्यायचं, पोळी दाबून अर्धवट भाजून निघते, मग ती तव्यावर फुलवायची. मेसवाले आणि बचत गट ते विकत घ्यायचे. मशीनबरोबर द्यायचं पुस्तक इंग्रजीत होतं, तेही दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनवरून उतरवलेलं. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, मॅडम, याचं फक्त मराठी करा, भारदस्त झालं पाहिजे.

भारदस्त मला जमायचंच. आठवडाभर मी मान मोडून काम केलं. ‘यंत्र कार्यान्वित करण्यापूर्वी वरील तापपट्टिका उघड्या स्थितीत असल्याची खातरजमा करावी.’ असं सगळं. एक परिच्छेद फार चांगला उतरलाय असं वाटलं, म्हणून धीर करून मी तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, पोळीच्या मशीनचं पुस्तक आहे, कृपया सूचना कराव्यात.

दोघा-तिघांनी अंगठे दाखवले. एकानं ‘खातरजमा’ की ‘खात्री’ यावर वाद काढला. मग सरांची ओळ आली.

‘हे वाचताना तिचे हात कुठे आहेत?’

मी ती ओळ परत परत वाचली. ‘तिचे’ म्हणजे कुणाचे? मी तर कुठल्या बाईचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. वरणाला फोडणी देताना, मुलीची वेणी घालताना तोच प्रश्न डोक्यात. शेवटी मी वर्कशॉपच्या मालकांना फोन करून विचारलं, की तुमचं मशीन जवळपास कुणाकडे चालू आहे का, मला बघायचंय. त्यांना नवल वाटलं. भाषांतराला मशीन कशाला बघायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी चऱ्होलीचा पत्ता दिला.

चऱ्होलीत तेव्हा जिकडे बघावं तिकडे इमारती उभ्या राहत होत्या. एका अर्धवट भरलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर बचत गटाच्या बायकांनी पोळीभाजी केंद्र घातलं होतं. आसपासच्या साइटवरचे इंजिनिअर, पीजीतली मुलं, नव्यानं राहायला आलेली आणि अजून गॅस न मिळालेली कुटुंबं, सगळे त्यांचे गिऱ्हाईक. गटाच्या प्रमुख म्हणजे मूळ गावातल्याच एक काकू, उंच, आवाज ठणठणीत. मी कशासाठी आलेय ते सांगितलं आणि विचारलं, मशीनबरोबर आलेलं पुस्तक कुठं आहे.

“हाय की,” काकू म्हणाल्या. “फ्रिजवर ठिवलंय. गॅरंटीच्या कागदासंगं.”

“कधी वाचलंत का?”

“कवा वाचायचं? हात पिठात.”

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत कणीक. मला इतकं हसू आलं की काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी त्यांना सरांचा प्रश्न सांगितला आणि त्या पण हसल्या.

त्या दिवशी मी दुपारपर्यंत तिथेच बसले. बघण्यासारखं खूप होतं. बटणांच्या वर इंग्रजीत काय काय छापलं होतं, त्याकडे एकीचीही नजर जात नव्हती. त्या दिव्यावरून चालायच्या, लाल बत्ती, हिरवी बत्ती. एका मुलीच्या मनगटाच्या वर भाजल्याचा डाग होता. झाकण खाली येत असताना तिनं पलीकडचा गोळा सरळ करायला हात घातला होता. त्याबद्दलची सूचना पुस्तकात होती, पण अगदी मागच्या पानावर, वीजजोडणीच्या तक्त्याखाली. तिचं भाषांतर मी ‘हस्तक्षेप टाळावा’ असं केलं होतं.

संध्याकाळी मी सरांना वेगळा मेसेज करून सगळं कळवलं. त्यांचे प्रश्न एकामागून एक यायला लागले. झाकणाला त्या काय म्हणतात? मशीन अडलं तर त्या पहिल्यांदा कुठे हात लावतात? नवीन बाई आली तर तिला कोण शिकवतं? आणि मग, ‘शिकवताना काकू काय बोलल्या ते शब्दन्शब्द पाठवा.’

ते मी टिपलंच नव्हतं. पुन्हा गेले. या वेळी एक नवीन बाई नुकतीच कामाला लागली होती, आणि काकू तिला शिकवत होत्या. मी काकूंच्या परवानगीनं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आणि सरांना पाठवून दिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘रेकॉर्डिंग नको. लिहून पाठवा.’ मी म्हटलं, मोठं आहे सर, फोनवर सांगते, पटकन होईल. ‘फोन नको. लिहा.’ एकदा माझ्याकडून चुकून त्यांना फोन लागला होता, तो वाजून वाजून बंद झाला आणि लगेच मेसेज आला, ‘बोला, लिहून.’

आता मला पोळीच्या मशीनपेक्षा सरांचंच कुतूहल जास्त वाटायला लागलं. हे गृहस्थ दुसऱ्यांना सारखं ऐकायला पाठवतात. अमक्या गोष्टीला तुमच्याकडे काय म्हणतात, हा त्यांचा ग्रुपवरचा ठरलेला प्रश्न. मग स्वतः का जाऊन विचारत नाहीत? घराबाहेर पडता येत नसेल? की फारच मोठे कुणी असतील? मी नवऱ्याला म्हटलं, तो म्हणाला विचार की सरळ. मी सरळ विचारलं नाही. नवा मसुदा कागदावर छापून तुम्हाला दाखवायला आणू का, एवढंच विचारलं. मग पत्ता आला. पिंपळे गुरव. आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर.

शुक्रवारी दुपारी गेले. जुन्या वस्तीतलं घर, खाली पुतण्याचं गॅरेज, बाजूनं वर जाणारा जिना. मी बेल दाबली तर आवाज काहीच आला नाही. जाळीच्या दारातून दिसलं, आत भिंतीवरचा एक दिवा लखलख करून विझला. पुन्हा दाबली, पुन्हा दिवा. एक बाई पदर सावरत आल्या.

“या, या. ते नमाजला गेल्यात, येतीलच. बसा.” आणि पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “तुमाला ठावं हाय ना, त्यांना ऐकायला येत न्हाई.”

मला ठाऊक नव्हतं. मी नुसतीच मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते माझं मलाच कळलं नाही. पेठ गेली, प्राध्यापक गेले, आणि त्यांच्या जागी कोण येतंय हे बघायला मी खुर्चीच्या कडेवर बसून राहिले.

सर आले. साठीच्या आसपासचे, ठेंगणे, टोपी घडी करून खिशात घालत. मला बघून मोकळं हसले. त्यांचा आवाज जरा मोठा आणि एकाच पट्टीतला, कारण आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. आणि बोली म्हणजे थेट चऱ्होलीच्या काकूंसारखी, इथल्या जुन्या गावांतली. “आलाव का! लई बरं झालं. मला वाटलं आमचं घर घावतंय का न्हाई.” ज्या माणसानं माझ्या लिखाणातले अनुस्वार तपासले होते तोच हा माणूस, हे जुळवून घ्यायला मला थोडा वेळ लागला. नंतर एकदा मी त्यांना याबद्दल छेडलं, तर ते म्हणाले, बोलायचं आईकडनं शिकलो आणि लिहायचं शाळेतल्या गुरुजींकडनं, दोघांनी एकमेकांत लुडबूड केली न्हाई.

खोलीत एक पांढरा फळा होता, कंपन्यांच्या मीटिंगमध्ये असतो तसा. मी त्यावर लिहायचं आणि त्यांनी बोलायचं, अशी आमची पद्धत पडली. भाभींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, बोलणं मात्र ते ओठांवरून ओळखायचे. मसुदा बाजूलाच राहिला, मी आधी लिहिलं, ‘सर, हे कसं झालं?’

त्यांनी आनंदानं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, इतकंच. घराणं इथलंच, आजोबांपासूनचं. ते स्वतः तरुणपणी एका कारखान्यात प्रेस शॉपला लागले. पत्रा दाबून भाग काढायची मोठी मोठी मशीनं, दिवसभर धाडधाड. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घातले की शेजारचा ओरडला तरी कळायचं नाही, म्हणून पोरं काढून ठेवायची. हेही काढून ठेवायचे. आधी घरातली कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. भाभी म्हणायच्या शिट्टी झाली, हे म्हणायचे कुठं झाली. मग फोनची घंटी गेली, मग माणसं. मशीनवर ठेवणं धोक्याचं, म्हणून साहेबांनी त्यांना ऑफिसात बसवलं, कागदपत्रांच्या विभागात.

तिथे त्यांना पहिल्यांदा कळलं की मशीनवर टांगलेले सूचनांचे कागद कुणीतरी बसून लिहितं. पूर्वी त्यांनी त्या कागदांकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण शेजाऱ्याला विचारलं की भागायचं. आता शेजारी काय म्हणतो ते ऐकू येत नव्हतं. सगळं कागदावरच आलं होतं, आणि कागद वाचून काहीएक उमगत नव्हतं.

“मंग मीच लिवाय बसलो,” ते म्हणाले. “मला समजंल असं. मला समजलं तर कुणालाबी समजंल.”

कारखान्याचा तो भाग दुसरीकडे हलला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि तीच कामं बाहेरून घ्यायला लागले. मशीनवाल्यांची पुस्तकं, दवाखान्यातल्या पाट्या, औषधाच्या खोक्यातले कागद. सगळं मेलवर आणि मेसेजवर. समोरच्याला यांना ऐकू येत नाही हे कळायचं कारणच पडत नसे.

पण एक अडचण होती, आणि ती ते जरा हळू आवाजात सांगायचा प्रयत्न करत होते. त्यांचे कान गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर कारखान्यांत नवी मशीनं आली, स्क्रीनवाली. लोक त्यांना काय म्हणतात, त्यावर काय बोलतात, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. वाचायला मिळायचं, पण लोक बोलतात तसं लिहीत नाहीत. म्हणून ते सगळ्यांना विचारत सुटायचे. ग्रुपवरचे बहुतेक जण एखादं उत्तर देऊन कंटाळायचे. मी दोनदा चऱ्होलीला जाऊन आले, तेव्हा त्यांना वाटलं, ही बाई आपल्यासाठी ऐकायला जाईल.

मला त्यांच्याकडून शिकायचं होतं, त्यांना माझ्या कानांनी ऐकायचं होतं. दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी मी नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून चाकणला गेले. तो तिथल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. तो आत गेला आणि मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीत बसले. शिफ्ट सुटायची वेळ होती. एकटी बाई चहा पीत बसलीये आणि उठत नाही, हे टपरीवाल्याला विचित्र वाटलं असणार. कुणाची वाट बघताय का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, लोक कसे बोलतात ते ऐकतेय. तो म्हणाला, मग बसा, इथं दुसरं काय असतं.

माणसं लोंढ्यानं बाहेर आली. माझ्या मागच्या बाकावर दोघे बसले, एक लातूरकडचा असावा, दुसरा इथला. “भावा, होमला घेतलं होतं का आधी?” इथला म्हणाला. “डायरेक्ट सायकल मारली की अलार्म येणारच ना राव.” मला त्यातलं फक्त ‘राव’ कळलं. मी मागे वळून विचारलं, माफ करा, होमला घेणं म्हणजे काय. ते आधी चपापले, मग दोघांनी मिळून मला समजावलं. मशीनचे सगळे भाग आपापल्या मूळ जागी आणून ठेवायचे, मग काम सुरू करायचं. काम सुरू करणं म्हणजे सायकल मारणं. अडलं की रिसेट मारायचा. फारच अडलं की इमर्जन्सी मारायची, म्हणजे लाल बटण दाबून सगळं एकदम बंद करायचं. ज्या तुकड्यावर काम चाललंय तो जॉब, हे मात्र माझ्या नवऱ्यामुळे मला माहीत होतं.

मी ते सगळं घरी येऊन सरांना लिहून पाठवलं. तासाभरात इतके प्रश्न आले की मला स्वयंपाक बाजूला ठेवावा लागला. ‘सगळीकडे “मारणे” लागलं का? आमच्या वेळी फक्त प्रेस मारायचे.’ ‘“होमला घे” म्हणताना हसतात का, की आता सवयीचं झालंय?’ ‘हिंदीवाले पण होमच म्हणतात?’ शेवटचं मला माहीत नव्हतं, मी पुढच्या शनिवारी विचारून आले. तेही होमच म्हणत होते.

एका शब्दावरून आमचं वाजलं. माझ्या मशीनच्या मसुद्यात मी सगळीकडे ‘स्विच’ लिहिलं होतं, सरांनी तो खोडून ‘खटका’ केला. मी फळ्यावर लिहिलं, खटका आता कुणी म्हणत नाही. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी जिन्यात जाऊन खाली गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पुतण्याला हाक मारून विचारलं, खटका म्हणजे काय रे. पुतण्यानं भांडण असं खुणेनं दाखवलं. सर वर आले. मग फळ्याकडे बघत म्हणाले, “मंग खटका गेला कुठं?” मी तो शोधायला निघाले. चऱ्होलीत मी मुद्दाम कान देऊन होते, तर एकट्या काकू म्हणाल्या, खटका वर कर. बाकी सगळ्या स्विच. शेवटी आम्ही स्विचच ठेवला. काकूंना दोन्ही कळत होते.

असं करत करत ते पुस्तक दोन पानांवर आलं. एक पान मशीनच्या मागच्या भिंतीवर लावायचं, मोठ्या अक्षरात, वरून प्लास्टिक चढवलेलं. झाकण खाली येत असताना हात आत घालायचा नाही, ही ओळ सगळ्यात वर, शेजारी हाताचं चित्र. दुसरं पान बंद पडलं तर काय बघायचं याचं. मी ते भोसरीला घेऊन गेले.

मालकांनी पान उलटून मागे काही आहे का बघितलं. मागे काही नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. “मॅडम, एवढंच? पुस्तक कुठंय?”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण माझ्या तोंडून ते काम टाळल्यासारखं यायला लागलं. मग मी म्हटलं, एक सकाळ माझ्याबरोबर चऱ्होलीला चला. त्यांनी आढेवेढे घेतले, पण आले. मी काकूंना आधीच विचारून ठेवलं होतं. मशीनला कधीच हात न लावलेली एक बाई त्यांनी शेजारून बोलावून आणली होती. भिंतीवर पान लावलं. मालकांना मी एकच विनंती केली, काही झालं तरी बोलायचं नाही.

त्यांना ते फार जड गेलं. स्वतः बनवलेलं मशीन, आणि ती बाई चुकीच्या बाजूला हात नेतेय. त्यांनी हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली. बाई पान बघत होती, ओठ हलवत होती, हाताला पीठ लागलेलंच. लाल बत्तीपाशी ती थांबली. हिरवी होईपर्यंत थांबा असं मी लिहिलं होतं, पण थांबायचं म्हणजे किती, याचा तिला अंदाज येईना. तिनं काकूंकडे बघितलं. काकूंनी तोंड फिरवून घेतलं. ती उभी राहिली. हिरवी लागली. पहिली पोळी कडेला फाटली. दुसरी नीट आली आणि तव्यावर फुगली.

“हिनं कुणी काय न सांगता केलं,” काकू मालकांना म्हणाल्या. “कागदावरनं केलं.”

आम्ही परत निघालो. भोसरीचा फाटा आला तेव्हा मालक म्हणाले, हे पान आपण प्रत्येक मशीनवर कारखान्यातूनच चिकटवून देऊ. आणि ‘थांबा’ च्या पुढे ‘चहा गाळून होईल एवढा वेळ’ असं काहीतरी घाला. मी खूश झाले. मग ते म्हणाले, “पण पुस्तक पण द्या मॅडम. जाडजूड. गिऱ्हाइकाला हातात काहीतरी वजन वाटलं पाहिजे.” मी सरांना कळवलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी लिहिलं, ‘बरोबर आहे त्यांचं. द्या. फ्रिजवर ठेवायलाही काहीतरी लागतं.’

त्या मालकांनीच मग माझं नाव पुढे केलं. चटणी दळायचं मशीन बनवणारे एक, पाण्याच्या टाक्यांच्या मोटारी विकणारे एक, मग एक छोटा दवाखाना. परदेशी किनाऱ्यावरच्या बाई म्हणत होत्या तसा माझा एक विषय होऊन बसला, मी न निवडताच. ग्रुपवर आता नवी मुलं-मुली येतात. कुठला कोर्स करू, कुठून सुरुवात करू, असं विचारतात. मला ठाऊक असतं ते मी सांगते. प्रेसला फाइल कशी द्यायची, काम ठरवताना काय लिहून घ्यायचं, शब्दकोश कुठले फुकट मिळतात. ती माहिती खरोखरच उपयोगाची असते, आणि मला ती कुणीतरी अशीच सांगितली होती.

सरांकडे मी अजून जाते. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या मुलीनं त्यांना कानाचं नवीन मशीन आणून दिलं. आधीच्या एका मशीननं नुसता खडखडाट ऐकू यायचा म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं होतं, त्यामुळे या वेळीही ते नाखूशच होते. मी गेले तेव्हा ते आतल्या खोलीत होते. भाभी भाजी निवडत होत्या. मी चप्पल काढता काढता म्हटलं, “भाभी, काय करायलात?”

आतून सर बाहेर आले. कानामागे काहीतरी छोटंसं लावलेलं, चेहरा प्रश्नार्थक.

“कोन बोललं?” त्यांनी भाभींना विचारलं. भाभींनी माझ्याकडे बोट दाखवलं. ते माझ्याकडे बघायला लागले. “पुन्यांदा म्हना.”

मी म्हटलं, काय करायलात.

“करायलात,” ते म्हणाले. “म्हंजी तुमी मराठवाड्याच्या?”

मी परभणीची. इतकी वर्षं मी फळ्यावर लिहीत आले होते, मेसेज करत आले होते, आणि लिहिताना माझं ‘करायलात’ आपोआप ‘करताय’ होत असे. त्यांना कधी कळायचं कारणच नव्हतं. माझा आवाज त्यांना जाड आणि पुरुषी वाटत होता म्हणे, लिहिण्यावरून. आता तसा नाही म्हणून ते जरा गोंधळले होते. मशीनमधून सगळं नीट येत नव्हतं, रस्त्यावरच्या हॉर्नपुढे माझे अर्धे शब्द बुडत होते, आणि दर वाक्याला त्यांचा हात कानाकडे जात होता. तरी त्यांनी मला मसुदा उघडू दिला नाही. तुमी जायला लागल्यावर काय म्हणता? पोरगी येत असली तर? मी म्हटलं, जायले, येयली. मग मी अडखळले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी पिंपळे सौदागरची भाषा बोलते, नवरा चाकणची. काही शब्द माझ्याच तोंडातून कधी गेले ते मला आठवेना.

सरांनी फळ्याजवळचं मार्कर उचललं आणि पहिल्यांदाच स्वतः लिहायला लागले. वर ‘परभणी’ असं लिहून खाली रेघ ओढली आणि माझ्याकडे वळले. मी पर्समधून फोन काढला, आईला लावला आणि स्पीकरवर टाकला. आई म्हणाली, काय गं, काय झालं, मधीच कसा फोन केलीस? सर फळ्यावर लिहू लागले.